देहाचे पहारेकरी आणि अशुद्ध पोथी

सुश्रुतसंहितेंत, जी गांठ वाटोळी, घट्ट बसलेली, खोल मुळाची व सावकाश वाढणारी असून पिकत नाहीं, तिला ‘अर्बुद’ असें म्हटलें आहे; आणि भास्कराचार्यांच्या लीलावतींत दहा कोटि ह्या संख्येलाही ‘अर्बुद’ हाच शब्द आहे. दोहोंचा व्युत्पत्तीनें कांहीं संबंध असेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु योगायोग मोठा मौजेचा आहे. कारण हल्लींच्या गणनेप्रमाणें लहानशा बोराएवढ्या गांठींतील पेशींची संख्या अर्बुद आणि अब्ज यांच्या दरम्यान कोठें तरी भरते. एवढी प्रजा एकाच बिघडलेल्या पेशीपासून निपजते. ती निपजत असतां शरीराचे पहारेकरी काय करीत असतात, हा प्रश्न कोणाही विचारी माणसास पडण्यासारखा आहे. ह्या महिन्यांत तोच प्रश्न आम्हीं घेतला आहे, आणि तोही मोठ्या आंतड्याच्या कर्करोगापुरता. कारण त्या प्रश्नाचें उत्तर ह्या रोगाच्या अभ्यासांत जितकें स्वच्छ दिसतें तितकें इतरत्र क्वचितच दिसतें, असें आम्हांस वाटतें.

निमित्तही सांगतों. कर्वेनगरांत सायंकाळीं वनदेवीच्या बाजूस फिरावयास जाणारी जी आमची निवृत्तांची मंडळी आहे, तींत एका औषधाची चर्चा वारंवार निघते. अमेरिकेंत म्हणे गुदाशयाच्या कर्करोगाचे सर्वच्या सर्व रोगी शस्त्रक्रियेवांचून व किरणांवांचून, केवळ शिरेंतून दिलेल्या औषधानें बरे झाले. बातमी खरी आहे. पण जितकी खरी तितकीच अपुरी आहे. आणि ती अपुरी वाचून कोणी घरदार विकावयास निघालें तर काय होईल, ह्याचा एक नमुना पुढें येणारच आहे.

प्रथम रोगाविषयीं. मोठें आंतडें आणि त्याचा शेवटचा भाग जो गुदाशय, त्यांच्या आंतल्या अस्तरावर बहुधा आधीं एक लहानसा कोंब येतो. डॉक्टर त्यास पॉलिप म्हणतात. त्याचा कर्करोग होण्यास पुष्कळदां दहा दहा वर्षें लागतात, आणि तेवढ्या काळांत तो दुर्बिणीनें पाहून काढून टाकला तर रोग होतच नाहीं. पाश्चात्य देशांच्या मानानें आपल्याकडे हा रोग कमी. तथापि २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणें भारतांत वर्षाकाठीं सत्तर हजारांच्या आसपास नवे रोगी होतात. मुंबईचें टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ सालीं परळास उघडलें. त्या रुग्णालयानें २०१३-१४ ह्या एका वर्षांतील आपल्या ८०० रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला आहे, तो आमच्या वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. त्यांत रोग्यांचें सरासरी वय अवघें ४७ भरलें. पाश्चात्य देशांत हा मुख्यतः साठी उलटल्यानंतरचा रोग समजतात. आणि निम्म्याहून अधिक रोग्यांचें गाऱ्हाणें काय, तर शौचावाटे रक्त जाणें.

आतां आमच्या घरांतून शौचावाटे रक्त गेलें म्हणजे काय होतें, हें सांगणें नलगे. ‘मूळव्याध आहे’ असा निकाल घरच्या घरीं लागतो. मग सुरण सुरू होतो, ताक सुरू होतें, तिखट बंद होतें. आणि पुष्कळदां ती मूळव्याधच असते, म्हणून हा उपचार बाधतही नाहीं. परंतु चाळिशी ओलांडलेल्या माणसाची मूळव्याध तीन-चार आठवड्यांत हटली नाहीं, किंवा रक्ताबरोबर शौचाची संवय बदलली, वजन उतरलें, अंगांतलें रक्त कमी झालें, तर सुरणावर विसंबून राहणें म्हणजे चोरास मुदत देणें होय. बायकांच्या बाबतींत तर मुदत आणखीच लांबते. आमच्या पिढींतील कित्येक गृहिणी ही गोष्ट सुनेपाशीं बोलणार नाहींत, लेकीपाशीं बोलणार नाहींत, आणि नवऱ्यापाशीं तर नाहींच नाहींत.

असो. पहारेकऱ्यांकडे वळूं. शरीरांत असे फिरते रक्षक आहेत हें प्रथम स्पष्टपणें ओळखलें तें एका रशियन प्राणिशास्त्रज्ञानें. १८८२ सालीं इटलींतील मेसिना येथें, समुद्रकांठीं, एली मेच्निकॉफ हे तारामाशाचीं पारदर्शक पिलें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहत होते. बागेंतल्या गुलाबाचे कांटे त्यांनीं त्या पिलांच्या अंगांत खुपसून ठेविले. दुसऱ्या दिवशीं पाहतात तों फिरत्या पेशींचा घोळका त्या कांट्यांभोंवतीं जमलेला! ह्या भक्षक पेशींच्या शोधाबद्दल १९०८ सालीं त्यांस पॉल एर्लिख यांच्या समवेत नोबेल पारितोषिक मिळालें. मेच्निकॉफांचा ओडेसा येथील एक विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला तेव्हां हाफकिन यांजकडे काम आलें. त्यांनीं मुंबईंतच प्लेगाची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. परळची संस्था १९२५ पासून त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. त्याच प्लेगाच्या वर्षांत, १९०० सालीं, अण्णासाहेब कर्व्यांचा आश्रम पुणें शहरांतून हिंगण्याच्या माळावर आला, आणि आम्ही आज जेथें बसून हें लिहीत आहों त्या वस्तीस पुढें त्यांचेंच नांव मिळालें. मेसिनाच्या गुलाबाच्या कांट्यापासून हिंगण्याच्या झोंपडीपर्यंतचें अंतर असें फार नाहीं.

लस म्हणजे पहारेकऱ्यांस चोराचें चित्र आधीं दाखवून ठेवणें. पण कर्करोगांत चोर बाहेरून येत नाहीं. घरचेंच मूल बिघडतें. त्याचा चेहरा घरच्या माणसांसारखाच असतो, आणि सगळी अडचण येथें आहे.

ही अडचण समजण्यास पहारेकऱ्यांत जातीभेद किती आहेत हें थोडें पाहावें लागतें. भक्षक पेशी ह्या गस्तीच्या शिपायांसारख्या. दिसेल ती घाण, मेलेली पेशी, जंतु, गिळून टाकितात. त्यांहून निराळ्या त्या टी-पेशी. ह्यांचें शिक्षण छातीच्या हाडामागें असलेल्या थायमस नांवाच्या ग्रंथींत होतें. शरीरांतील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आंत काय शिजत आहे त्याचे बारीक नमुने आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेवीत असते, जसें पेढीवाल्यानें धान्याचे वाडगे ओट्यावर मांडावेत. मारक टी-पेशी ते नमुने तपाशीत फिरते, आणि परका नमुना दिसला कीं त्या पेशीस ठार करिते. साहाय्यक टी-पेशी तिला बळ देतात. आणि आणखी एक जात आहे, नियामक टी-पेशींची. त्यांचें काम मारण्याचें नसून आवरण्याचें. ह्या आवरणाऱ्या पेशींच्या शोधाबद्दल २०२५ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि जपानचे शिमोन साकागुची ह्या तिघांस मिळालें.

आवरण्यासाठीं निराळें खातें कशास, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आंतड्यांतच मिळतें. मोठें आंतडें म्हणजे पूर्वींच्या जकातनाक्यासारखें ठिकाण आहे. रोज परकें अन्न तेथून जातें. आणि असंख्य जंतु तर तेथें कायमचे वस्तीस आहेत, व त्यांतील बहुतेक आपल्या उपयोगाचे आहेत. नाक्यावरच्या शिपायानें प्रत्येक गाडी फोडून पाहिली तर शहर उपाशी मरेल. म्हणून शरीरांतील पहारेकऱ्यांचा फार मोठा वांटा आंतड्यांत राहतो खरा, परंतु तेथें त्यांस सोसण्याचें शिक्षण सर्वांत अधिक दिलेलें असतें. हें सोसणें सुटलें म्हणजे आंतड्याचा दाह सुरू होतो, आणि वर्षानुवर्षें चाललेल्या दाहांतूनही कर्करोग होऊं शकतो. उलट सोसणें फाजील झालें तर बिघडलेली पेशीही सोसली जाते. दोन्हीकडून विहीर आहे.

प्रत्यक्ष गांठींत हे पहारेकरी शिरतात काय? पारीस येथील जेरोम गालाँ, फ्रांक पाजेस व त्यांचे सहकारी यांनीं २००६ सालीं ह्याचें उत्तर दिलें. शस्त्रक्रियेनें काढलेल्या गांठी घेऊन त्यांनीं त्यांच्या मध्यभागीं आणि कांठावर टी-पेशी किती आहेत हें मोजलें. ज्या गांठींत त्या दाटीनें शिरलेल्या होत्या ते रोगी अधिक जगले व त्यांचा रोग कमी उलटला. आणि हें भाकित, गांठ किती खोल गेली किंवा किती रसग्रंथींत पसरली ह्या जुन्या मोजमापाहूनही सरस ठरलें. ज्यांनीं आयुष्यभर रोगाची ‘पायरी’ मोजून भविष्य सांगितलें त्यांस हें चमत्कारिक वाटलें असेल. पुढें १३ देशांतील केंद्रांनीं मिळून २६८१ रोग्यांवर तीच मोजणी केली; तींत अहमदाबादचें गुजरात कर्करोग संशोधन केंद्रही होतें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेला निकाल पहिल्यासारखाच आला.

म्हणजे कांहीं गांठींत पहारेकरी शिरतात आणि कांहींत वेशीबाहेर ताटकळत राहतात. असें कां व्हावें? येथून पुढचा भाग आम्हांस व्यक्तिशः सर्वांत गोड वाटतो, कारण तो आमच्या जुन्या धंद्याच्या जवळचा आहे.

जुन्या पोथ्या ज्यांनीं हाताळल्या आहेत त्यांस लेखकप्रमाद म्हणजे काय तें ठाऊक आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललें, तें बहुतांशीं नकलकारांच्या असल्याच हस्तदोषांशीं झुंजण्यांत. आमच्या प्रत्येक पेशींतही चार अक्षरांत लिहिलेली सुमारें तीन अब्ज अक्षरांची पोथी आहे, आणि पेशी दुभंगतांना दर वेळीं तिची नक्कल करावी लागते. नकलकार कितीही वाकबगार असला तरी चुकतोच. विशेषतः एकच अक्षर ओळीनें दहा-बारा वेळां आलें म्हणजे त्याचा मेळ चुकून एखादें गळतें किंवा वाढतें. हे दोष नक्कल झाल्याबरोबर हुडकून दुरुस्त करणारे शोधक शरीरांत आहेत. त्यांत चार प्रथिनें मुख्य आहेत, आणि त्यांचीं नांवें वाचकांनीं लिहून ठेवावींत अशी आमची विनंति आहे: एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२.

ह्यांपैकीं एखादा शोधक नाहींसा झाला तर पोथींत अपपाठांची रेलचेल होते, आणि त्यांतून कर्करोग संभवतो. मोठ्या आंतड्याच्या एकूण कर्करोगांत असे शंभरांत सुमारें १५ असतात. रोग दूरच्या अवयवांत पसरलेल्या रोग्यांत मात्र हें प्रमाण चार-पांचांवर येतें. आतां गंमत पाहा. अधिक चुका म्हणजे अधिक वाईट रोग, असें कोणासही वाटेल. पण ज्या पेशीच्या पोथींत हजारों अपपाठ आहेत तिच्या ओट्यावर मांडलेले नमुनेही विचित्र दिसूं लागतात, आणि टी-पेशीस ती परकी म्हणून ओळखूं येते! ज्याची पोथी थोडकीच बिघडली आहे तोच सराईत, कारण तो घरच्यासारखा दिसतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेंतील २०१५ सालच्या अभ्यासांत शोधक नष्ट झालेल्या गांठींत सरासरी १७८२ दोष सांपडले, आणि शोधक शाबूत असलेल्या गांठींत अवघे ७३.

मग ओळख पटूनही असे रोगी आपोआप बरे कां होत नाहींत? कारण टी-पेशीस ब्रेक आहे. तो नसता तर एकदां सुरू झालेली मारामारी थांबलीच नसती. जपानांतील क्योतो येथें तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेनें १९९२ सालीं टी-पेशीवरील पीडी-१ नांवाचें प्रथिन शोधिलें. तो एक ब्रेक. अमेरिकेंत जेम्स ॲलिसन यांनीं सीटीएलए-४ ह्या दुसऱ्या ब्रेकावर काम केलें. दोघांस २०१८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. कर्करोगाची पेशी लबाड अशी कीं, ओळख पटलेली टी-पेशी जवळ आली म्हणजे ती तिचा हाच ब्रेक दाबून धरिते. नवीं औषधें तो दाबणारा हात दूर करितात. येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हीं औषधें पहारेकऱ्यांस ‘बळकट’ करीत नाहींत. बळ असतेंच, तें मोकळें करितात. ‘प्रतिकारशक्ति वाढवा’ म्हणून ज्या काढ्यांच्या व चूर्णांच्या जाहिराती येतात, त्यांचा ह्या उपचाराशीं कांहीं एक संबंध नाहीं. सुश्रुताविषयीं आमचा आदर कोणाहून कमी नाहीं. पण सुश्रुत हा स्वतः शस्त्र हातीं घेणारा वैद्य होता, आणि गांठ आहे हें कळल्यावर काढा पीत घरीं बसण्यास त्याच्या नांवाचा आधार घेणें हा त्याचा अपमान आहे.

बाल्टिमोरच्या त्याच अभ्यासांत ब्रेक सोडविणारें औषध पसरलेल्या रोगांत देऊन पाहिलें. शोधक नष्ट झालेल्या आंतड्याच्या दहा रोग्यांपैकीं चौघांच्या गांठी आटल्या. शोधक शाबूत असलेल्या अठरांपैकीं कोणाची? एकाचीही नाहीं. चार आणि शून्य हे दोन आंकडे आमच्या मतें ह्या सबंध विषयाचा गाभा आहेत.

ज्या बातमीनें आमच्या मंडळींत चर्चा उठली ती न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयाची. तेथें अँड्रिया सर्सेक व लुईस डियाझ यांनीं, गुदाशयाचा रोग जागच्या जागीं वाढलेला पण दूर न पसरलेला, असे रोगी घेतले. आणि महत्त्वाची अट ही कीं, सर्वांचे शोधक नष्ट झालेले. डोस्टारलिमॅब हें औषध दर तीन आठवड्यांनीं, सहा महिने दिलें. २०२२ सालीं पहिल्या बारा रोग्यांचा वृत्तांत आला: बाराही जणांची गांठ नाहींशी. २०२५ सालीं उपचार पुरा केलेल्यांची संख्या ४९ झाली होती आणि ४९ ही जणांची गांठ दिसेनाशी झाली होती. गुदाशय काढून पोटावर पिशवी बाळगण्याचा प्रसंग ज्यांवर आला असता त्यांस हें केवढें वरदान आहे! नेदरलंड्समध्यें मोठ्या आंतड्याच्या अशाच रोग्यांस शस्त्रक्रियेपूर्वीं थोडे दिवस दोन औषधें देऊन पाहिलीं. २०२४ सालच्या वृत्तांताप्रमाणें १११ पैकीं ७५ जणांच्या काढलेल्या आंतड्यांत जिवंत कर्करोग सांपडलाच नाहीं. पण गुदाशयाच्या कर्करोगांत शोधक नष्ट झालेले रोगी शंभरांत पांच ते दहाच. वर्तमानपत्राच्या मथळ्यांत ही अट मावत नाहीं.

आतां तो नमुना. आमचा एक जुना विद्यार्थी, आज पन्नाशीस आलेला, कोथरुडास राहतो. त्याच्या वडिलांस मोठ्या आंतड्याचा कर्करोग निघाला आणि यकृतांत दोन ठिकाणीं पसरलेला आढळला. एके सकाळीं तो आमच्याकडे आला तो बागेचे कागद घेऊनच. रत्नागिरीकडे त्यांची वडिलार्जित कलमांची बाग आहे. म्हणाला, “सर, गिऱ्हाईक आलं आहे. नानांना इम्युनोथेरपी द्यायची आम्ही ठरवली आहे. एका वेळच्या औषधाला लाखांच्या घरांत खर्च आहे म्हणतात, पण नानांपेक्षां बाग मोठी नाहीं.”

आम्हीं विचारलें, “अरे, डॉक्टर काय म्हणतात?”

“डॉक्टर केमो म्हणतात. पण मामेभाऊ फोनवर म्हणाला, हल्लीं केमो कोणी घेत नाहीं.”

“बायॉप्सीचा रिपोर्ट आणला आहेस काय?”

रिपोर्ट त्याच्या पिशवींतच होता. तीन आठवडे होता. दुसऱ्या पानावर अगदीं तळाशीं तीं चार नांवें होतीं आणि प्रत्येकापुढें ‘इंटॅक्ट’ असा शब्द होता. घरांत तीन इंजिनियर, पण ती ओळ कोणीं वाचली नव्हती. आम्हीं त्यास ती ओळ दाखविली व म्हटलें, “ह्या चार शब्दांचा अर्थ डॉक्टरांकडून समजून घे, आणि मग बागेचा विचार कर.” तो दुसऱ्याच दिवशीं गेला. डॉक्टरांनीं सांगितलें तें हेंच कीं, शोधक शाबूत आहेत, ह्या गांठीस तें औषध एकटें लागू पडण्याची आशा जवळजवळ नाहीं. केमोनें यकृतांतल्या गांठी आटल्या तर तेवढा भाग कापून काढतां येईल, आणि तसे रोगी पुष्कळ वर्षें जगल्याचीं उदाहरणें आहेत. नानांची केमो चालू आहे. ते ऐंशीच्या जवळ आहेत, थकतात, तोंडाची चव गेली आहे म्हणून चिडतात. पुढें काय होईल हें आज कोणासच सांगतां येत नाहीं. बाग मात्र आहे.

ही रंगपरीक्षा कांहीं हजार रुपयांत होते, आणि बायॉप्सीच्या त्याच तुकड्यावर होते. पुन्हा सुई नाहीं, पुन्हा भूल नाहीं. ती झाली आहे काय, हें विचारण्यास लाजण्याचें कारण नाहीं. ‘इंटॅक्ट’च्या ऐवजीं एखाद्या नांवापुढें ‘लॉस’ असा शब्द असेल तर बोलण्याचा सूरच बदलतो. मग मात्र ब्रेक सोडविणाऱ्या औषधाविषयीं आग्रहानें विचारावें. तेंही निर्धोक नव्हे. ब्रेक सुटलेले पहारेकरी कधीं कधीं आपल्याच घरावर चालून जातात; थायरॉइड, फुप्फुस, यकृत, त्वचा, आणि खुद्द आंतडेंही त्यांच्या तावडींत सांपडतें. असा दाह वेळीं ओळखला तर बहुधा आवरतां येतो, म्हणून औषध चालू असतां लागलेला जुलाब ‘काल बाहेरचें खाल्लें’ म्हणून सोडून देऊं नये.

बाकीच्या शंभरांतल्या पंचाऐंशींचें काय, हा खरा जड प्रश्न आहे. त्यांच्या गांठींत पहारेकरी शिरावेत म्हणून दोन-दोन औषधें एकत्र देणें, किरण देणें, लस करणें असे नाना प्रयत्न चालले आहेत. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें अमेरिकेंत एका पन्नास वर्षांच्या बाईच्या गांठींतूनच टी-पेशी काढून, प्रयोगशाळेंत त्यांची संख्या शंभर अब्जांवर, म्हणजे आमच्या भाषेंत निखर्वावर नेऊन, परत तिच्या अंगांत सोडल्या. फुप्फुसांतील साती गांठी आटल्या. नऊ महिन्यांनीं त्यांतली एक पुन्हा वाढली. काढून पाहतां असें दिसलें कीं, टी-पेशी ज्या ओट्यावरचा नमुना ओळखीत होत्या तो ओटाच त्या गांठीनें मोडून टाकला होता. शत्रु असा हुशार आहे.

आपल्या महाराष्ट्रांतही ह्या विद्येचें काम मोठें झालें आहे. मुंबईची आय.आय.टी. व टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यानें, रोग्याच्याच टी-पेशींवर नवें ओळखचिन्ह बसविणारा नेक्सकार-१९ हा उपचार तयार झाला. त्यास २०२३ च्या ऑक्टोबरांत परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजीं राष्ट्रपति द्रौपदी मुर्मू यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. पण तो रक्ताच्या कांहीं कर्करोगांसाठीं आहे, आंतड्याच्या नव्हे. टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनीं तोंड व घसा यांच्या कर्करोगांत, ब्रेक सोडविणारें निव्होलुमॅब हें औषध नेहमींच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी देऊन पाहिलें. स्वस्त गोळ्यांच्या जोडीला ही लहान मात्रा दिल्यावर एक वर्ष जगणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा १६ वरून ४३ वर गेलें. गरिबांच्या देशास शोभणारें संशोधन तें हेंच, असें आमचें मत आहे. आंतड्याच्या रोगांत असें कोणी करून दाखविलें तर आम्ही त्याचा वृत्तांत आनंदानें देऊं.

एक गोष्ट राहिली. शोधकांतला दोष कधीं उतारवयांत त्या एका गांठीपुरताच उत्पन्न होतो, तर कधीं तो आईबापांकडून आलेला असतो. १८९५ सालीं अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत आल्ड्रेड वॉर्थिन नांवाचे विकृतिशास्त्राचे अध्यापक होते. त्यांच्याकडे शिवणकाम करणारी एक बाई एकदां उदास होऊन म्हणाली कीं, मी तरुणपणींच गर्भाशयाच्या नाहीं तर आंतड्याच्या कर्करोगानें जाणार, कारण आमच्या घरांत बहुतेक सगळीं तशींच गेलीं. वॉर्थिन यांनीं तिचें बोलणें हंसण्यावारीं नेलें नाहीं. तिच्या घराण्याची वंशावळ उतरून काढिली. ती बाई खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगानें अकालीं वारली. १९६६ नंतर हेन्री लिंच यांनीं अशीं घराणीं हुडकून हा आनुवंशिक दोष सिद्ध केला, आणि आज तो त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. ज्याच्यांत तो आहे त्याच्या प्रत्येक अपत्यास तो येण्याचा संभव निम्मा. आला तर विशी-पंचविशीपासूनच एक-दोन वर्षांनीं आंतडें दुर्बिणीनें पाहून घ्यावें लागतें, आणि तसें पाहणारीं माणसें पुष्कळदां वांचतात.

आमच्या घरोघरीं कुलवृत्तांताचे जाड ग्रंथ कपाटांत आहेत. कोणाचें गोत्र कोणतें, कोण कोठें मामलेदार होता, कोणाची मुलगी कोणाकडे दिली, हें पांच-सात पिढ्यांपर्यंत त्यांत छापलेलें सांपडतें. मृत्यूचें साल असतें. कारण बहुधा नसतें. ‘पोटाच्या विकारानें गेले’ एवढें एखाद्या वृद्ध आत्येस आठवत असतें, तेंही ती आहे तोंवर. दिवाळींत मंडळी जमलीं म्हणजे त्या आत्येजवळ बसून, कोण कोणत्या वयांत कशानें गेलें तें पेन्सिलीनें समासांत लिहून घ्यावें. बायकांचें, आणि सासरीं गेलेल्या मुलींचेंही.